आठ दिवसांत मोडणारी खेळणी

पोपटाचं खेळणं चांगलं आहे की वाईट, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. आठ दिवसांनी ते जसंच्या तसं शिल्लक असेल, तर ते चांगलं नाही.

दुकानातली बहुतेक खेळणी या परीक्षेत नापास होतात, कारण ती टिकावीत म्हणूनच बनवलेली असतात. प्लॅस्टिकची रंगीत शिडी, अ‍ॅक्रिलिकचे मणी, मधे आरसा, खाली घंटी. साडेतीनशे-चारशे रुपये द्यायचे, घरी येऊन पिंजऱ्यात टांगायचं आणि धूळ बसली की पुसून पुन्हा टांगायचं. पाहुण्यांना बघायला छान दिसतं. पण पक्ष्याने त्याचं नेमकं काय करायचं?

हा प्रश्न मला पडायचं कारण शेंड्या.

शेंड्या हा साताऱ्याच्या मावशीकडचा कॉकटिएल. राखाडी अंग, पिवळं डोकं, दोन्ही गालांवर गुलाल फासल्यासारखे नारिंगी ठिपके आणि डोक्यावर खालीवर होणारा तुरा. त्या तुऱ्यावरून काकांनी त्याचं नाव ठेवलं शेंड्या. काका कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी हा पक्षी आणला आणि त्याला एक शीळ शिकवली. दोन आखूड, एक लांब. सकाळी काका गॅलरीत आले की शीळ घालायचे आणि शेंड्या तशीच परत करायचा. चहा होईपर्यंत दोघांचं हे चालायचं. मावशी म्हणायची, "चाळीस वर्षं डबल बेल मारली, आता हे."

मागच्या श्रावणात काका गेले. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. म्हणून दिवाळीनंतर मी काही महिने मावशीकडे राहायला गेले. तोपर्यंत शेंड्याच्या छातीवरची पिसं गेलेली होती. मधोमध बंद्या रुपयाएवढी उघडी, गुलाबी कातडी दिसत होती. तो मान खाली घालून एकेक पीस चोचीत धरायचा आणि उपटायचा. शीळ बंद झाली होती.

"त्यांच्या दुःखात आहे तो," मावशी म्हणाली. असेलही. त्याला विचारायची काही सोय नव्हती.

पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर आम्हाला पुण्यात मिळाले. साताऱ्याहून एकशे दहा किलोमीटर. त्यांनी आधी विष्ठा तपासली, कातडी बघितली, जंत नाहीत, पिसवा नाहीत याची खात्री केली. पिसं उपटणारा पक्षी दिसला की आधी आजार शोधायचा, मनाकडे नंतर वळायचं, हा त्यांचा क्रम मला आवडला. मग त्यांनी मावशीला विचारलं, "काकू, हा दिवसभर काय करतो?"

मावशीने जरा विचार केला. "बसतो," ती म्हणाली.

जंगलातला पोपट बसत नाही. त्याच्या दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात जातात. कॉकटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. थव्याने फिरायचं, पाण्याचा माग काढायचा, जमिनीवर उतरून गवताच्या बिया वेचायच्या, ससाण्याकडे एक डोळा ठेवायचा. पिंजऱ्यात त्याच पक्ष्यासमोर वाटी भरून दाणे येतात. वीस मिनिटांत पोट भरतं. उरलेल्या दिवसाला काही कामच नसतं आणि चोच तर शिवशिवतच असते. समोर कुरतडायला काही नसलं की हाताशी असतं ते स्वतःचं अंग.

हे फक्त एका डॉक्टरांचं मत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतल्या संशोधकांनी अ‍ॅमेझॉन जातीच्या तरुण पोपटांवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. काही पोपटांच्या पिंजऱ्यात खटपट करून खाणं मिळवायची साधनं आणि चढायला-लोंबकळायला वेगवेगळ्या वस्तू दिल्या, काहींना साधा पिंजरा. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसं खराब होत गेली. नंतर त्यांनाही त्या वस्तू दिल्यावर पिसं सुधारायला लागली.

याहून गमतीशीर गोष्ट १९६३ सालची आहे. ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांना दोन पर्याय दिले. एका वाटीत फुकटचं खाणं, दुसरीकडे दांडी दाबली की खाणं. वाटी भरलेली असतानाही बहुतेक उंदरांनी बराच घास दांडी दाबून मिळवला. पुढे कबुतरं, कोंबड्या, माकडं, पोपट अशा कितीतरी प्राण्यांत हे दिसलं. शास्त्रज्ञ याला कॉन्ट्राफ्रीलोडिंग म्हणतात. मांजर मात्र याला अपवाद, त्याला फुकटचंच बरं वाटतं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

तर शेंड्याला काम हवं होतं. आणि आमच्याकडे पैसे बेताचे होते. काका गेल्यावर पेन्शन निम्मी झाली होती, पुण्याच्या फेरीत गाडी आणि तपासण्या धरून महिन्याचा किराणा गेला होता. दर आठवड्याला चारशे रुपयांचं खेळणं मोडून टाकणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मोडलं तर पाहिजे, आणि फुकटात मोडलं पाहिजे, असा तो हिशोब होता.

पण आणण्याआधी काढायचं होतं. डॉक्टरांनी पिंजऱ्याचा फोटो बघून यादी दिली होती. दांड्यांवर चढवलेला सँडपेपर काढा, त्याने नखं घासत नाहीत, पायाचे तळवे सोलतात. घंटी काढा, स्वस्त घंटीच्या लोलकात शिसं असू शकतं आणि पोपट ते चाटत बसतो. दार बांधायला वापरलेली जस्ताचा मुलामा असलेली तार काढा, कारण कुरतडून पोटात गेलेलं जस्त विषारी. आणि आरसा काढा.

आरशाला मावशी अडली. "तो त्यांनी आणला होता."

आरसा हा नर कॉकटिएलसाठी मोठा घोळ असतो. आतल्या पक्ष्याला तो जोडीदार समजतो, त्याच्यापुढे गातो, पोटातलं अन्न वर काढून काचेला भरवतो, आणि आतला काहीच परत देत नाही. मी मावशीला हे समजावत बसले नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच पाहिलं, शेंड्या आरशाला दाणे भरवत होता आणि काचेवर ओला चिखल साचला होता. तिने आरसा काढला, धुतला, पुसला आणि काकांच्या कपाटात, त्यांच्या तिकिटांच्या पंचाशेजारी ठेवून दिला. त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मग खेळणी. पहिलं खेळणं कुरिअरच्या खोक्याचं. कुरिअरचं खोकं कोणाच्या घरात नसतं? चिकटपट्टी, पत्त्याचा कागद आणि पिना काढून टाकायच्या. चकचकीत छपाईचं खोकं नको, साधं तपकिरी हवं. त्याला दोन-तीन खिडक्या कापायच्या आणि आत चमचाभर राळे टाकून ठेवायचं. खोक्याच्या कडा म्हणजे कुरतडायला बनवलेलीच वस्तू.

दुसरं, पुडी. हे मावशीचं. तिच्या लहानपणी वाणी दोरा न लावता कागदाची पुडी बांधायचा, ती तिला अजून बांधता येते. कोऱ्या कागदाच्या बोटाएवढ्या पुड्या, प्रत्येकीत तीन-चार करडईचे दाणे. पहिल्या काही पुड्या मी शेंड्यासमोरच उघडून दाखवल्या, नंतर अर्धवट उघड्या ठेवल्या. पक्ष्यालाही हे शिकावं लागतं. ज्याला आयुष्यभर वाटीत मिळालंय त्याला पुडीत दाणे असतात हे कुठून कळणार?

तिसरं, मक्याच्या कणसाची सालं. भाजीवाल्याकडे ती ढिगाने पडलेली असतात. स्वच्छ धुवायची, वाळवायची आणि तिपेडी वेणी घालायची. मावशीला मुलगी नाही. वेणी घालताना ती म्हणाली, "चला, ही पण हौस फिटली."

चौथं, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. त्यातल्या बारीक काड्या काढून टाकायच्या. घेताना उलटून बघायचं, कारण हल्ली पुष्कळ पत्रावळींना आतून प्लॅस्टिकचा चंदेरी थर चिकटवलेला असतो. तसली नको. पाचवं, नारळाची करवंटी, काथ्या घासून काढलेली, आत कोथिंबिरीची जुडी खोचलेली. सहावं, भेंड. लग्नातली बाशिंगं ज्याची करतात ते पांढरं, हलकं, थर्माकोलसारखं दिसणारं पण झाडाच्या खोडातून निघणारं भेंड. परदेशात पोपटांच्या महागड्या खेळण्यांमध्ये हेच भेंड 'सोला' या नावाने विकलं जातं. बिनरंगाचा तुकडा मिळाला तर जरूर घ्या. शेंड्या त्याचा अर्ध्या तासात भुगा करतो आणि वर अंगभर बर्फ पडल्यासारखा ऐटीत बसतो.

टांगायचं कशाने, हा खरा अवघड प्रश्न निघाला. नायलॉनच्या दोऱ्याचे धागे सुटतात, पायाच्या बोटाला गुंडाळतात आणि रक्त थांबतं. सुती दोरीचे तंतू गिळले गेले तर गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत त्यांचा गोळा होतो. तागाच्या सुतळीला येणारा तो रॉकेलसारखा वास आठवा. ताग मऊ करायला तेल वापरतात, त्याचा तो वास. या सगळ्यावर उत्तर मिळालं केळीच्या सोपटात. कोकणात अबोलीचे वळेसर ज्याने गुंफतात तेच ते वाळलेलं सोपट. ओलं केलं की मऊ पडतं, गाठ बसते, आणि पक्ष्याने तोडलंच तर तुटतं. तुटलं पाहिजे हेच महत्त्वाचं. पक्षी अडकला तर दोरीने हार मानायला हवी, पायाने नाही. आम्ही तुकडेही वीतभराहून लहान ठेवतो, गळ्याभोवती फास बसेल इतकी लांबी कशालाच नाही.

नवीन वस्तू थेट पिंजऱ्यात लावायची नाही, हेही शिकण्यासारखं. कॉकटिएल भित्रा पक्षी आहे. अनोळखी गोष्ट दिसली की तुरा ताठ होतो आणि तो पिंजऱ्याच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. म्हणून करवंटी आधी तीन दिवस टेबलावर, मग पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, मग आत, दाण्याच्या वाटीपासून लांब.

आणि तरीही टांगलेल्या खेळण्यांकडे तो फारसा वळेना. वेणी तीन-चार दिवस नुसती लोंबत होती. मग डॉक्टरांचं वाक्य आठवलं, जमिनीवर उतरून बिया वेचणारा पक्षी. मी एक स्टीलची परात घेतली. तिच्यात चुरगळलेले कागद, कणसाच्या सालीचे तुकडे, कोथिंबिरीच्या काड्या, पुड्या, खाली विखुरलेले राळे आणि बाजरी. रोज संध्याकाळी शेंड्याला बाहेर काढून परात फरशीवर ठेवायची. पहिल्या दिवशी तो काठावर बसला. दुसऱ्या दिवशी आत उतरला आणि पायाने, चोचीने उलथापालथ करत पाऊण तास त्याने मान वर केली नाही. कुठला पोपट मूळचा कुठे खातो, झाडावर की जमिनीवर, हे कळलं की अर्धी खेळणी आपोआप सुचतात.

आता सफाई. या विषयावर मावशीला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. तिचं घर आरशासारखं. पण माणसाची स्वच्छता आणि पक्ष्याची स्वच्छता यांत फरक आहे, आणि तो फरक वासाचा आहे. आपल्याला फिनेलचा वास आला की स्वच्छ वाटतं. पक्ष्याला तो वास बाधतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात, आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेताना आणि सोडतानाही त्याला ताजी हवा मिळते. उडायला लागणारी ताकद यातून येते, आणि हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने आत जातं. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी वापरत, ते यामुळेच.

त्यामुळे ज्या खोलीत पक्षी, तिथे फिनेल नको, डांबरगोळ्या नकोत, रूम फ्रेशनर नको, डासांची कॉइल नको. देवघर दुसऱ्या खोलीत असल्याने उदबत्तीचा प्रश्न सुटला. सर्वांत धोक्याचा नॉनस्टिक तवा. तो फार तापला तर त्याच्या थरातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, शेजारच्या खोलीतलासुद्धा. पुण्याहून आणलेला माझा तवा मी खोक्यातून बाहेर काढलाच नाही. मावशीचा बिडाचा तवा जिंदाबाद.

मग पिंजरा धुवायचा कशाने? रोजच्या कामाला गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि घासणी पुरते. पाण्याची वाटी सकाळ-संध्याकाळ घासायची, नुसती विसळायची नाही. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर तिथे जंतूंची वस्ती झालेली आहे. आठवड्यातून एकदा पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवून सगळा पिंजरा सुटा करायचा. वाळलेल्या विष्ठेवर निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबलं की ती सहज निघते. आजारपणानंतर निर्जंतुक करायचंच असेल तर आधी सगळी घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, दहा मिनिटं, आणि वास जाईपर्यंत भरपूर पाण्याने धुणं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. शेवटी ऊन. आपल्याकडे ते फुकट आहे आणि वर्षातले आठ महिने भरपूर आहे.

पावसाळ्याचे चार महिने साताऱ्यात अवघड. तेव्हा लाकडी दांड्या वाळत नाहीत, दाण्यांना बुरशी धरते. म्हणून दांड्यांचे दोन संच ठेवले, एक पिंजऱ्यात, एक वाळत. दांड्या म्हणजे परसातल्या पेरूच्या फांद्या. फवारणी न केलेल्या झाडाच्या, घासून, उकळतं पाणी ओतून, वाळवून. कुठे अंगठ्याएवढ्या जाड, कुठे करंगळीएवढ्या. दुकानातली गुळगुळीत दांडी सगळीकडे सारखीच जाड असते, त्यामुळे पायाच्या एकाच जागी दिवसरात्र भार पडून फोड येतो. कण्हेर, रुई, एरंड यांच्या फांद्या चुकूनही नकोत, ती झाडं विषारी. दाणे आम्ही एका वेळी अर्धा किलोच आणतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. मुंग्यांसाठी मावशीने तिच्या आईची युक्ती काढली. पूर्वी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तसे आता पिंजऱ्याच्या स्टँडचे चार पाय चार वाट्यांत असतात. मुंग्यांचा खडू घरात येत नाही.

तळाच्या ट्रेमध्ये कालचा पेपर. रोज बदलायचा. हे काम मावशी मला करू देत नाही, आणि त्याचं कारण सफाईच्या पलीकडचं आहे. पक्ष्याच्या विष्ठेत तीन गोष्टी असतात. हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि सभोवती थोडं पाणी. यातलं काही बदललं, पांढऱ्याच्या जागी पिवळं-हिरवं दिसलं, पाणी फार वाढलं, एकूण संख्याच घटली, तर काहीतरी बिनसलंय. पोपट आजार लपवतो. थव्यात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकारी पक्षी आधी झडप घालतो, म्हणून तो अगदी शेवटपर्यंत ताठ बसून राहतो. कागद मात्र लपवत नाही. मावशी सकाळी चष्मा लावून पेपर वाचते, आधी आजचा आणि मग कालचा, ट्रेमधला.

तो कागद गुंडाळण्याआधी त्यावर पाणी शिंपडायचं, आणि पिंजऱ्याखालची फरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची. यात आपला स्वतःचा जीव आहे. सिटॅकोसिस नावाचा, पोपटांमुळे माणसाला होणारा फुप्फुसांचा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो. १९२९-३० मध्ये अर्जेंटिनातून विकल्या गेलेल्या पोपटांमुळे तो अमेरिका-युरोपात पसरला होता आणि माणसं दगावली होती. आज त्यावर अँटिबायोटिक्स आहेत, पण ताप-खोकला हटेना आणि घरात पक्षी असेल तर डॉक्टरांना ते सांगायला हवं. शिवाय कॉकटिएलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. मावशीला थोडा दमा आहे, म्हणून पिंजरा तिच्या खोलीतून बाहेर, खिडकीजवळ आला.

एवढं सगळं वाचून कोणी विचारेल, की मग पिंजऱ्यात ठेवायचंच कशाला? मला हा प्रश्न रोज पडतो. शेजारच्या आजी शेंड्याला बघून सांगतात, "आमच्याकडे हिरवा राघू होता, मिरची खायचा." तो हिरवा राघू, म्हणजे आपल्याकडचा कुठलाही रानातला पोपट, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तरी तो चोरून विकला जातो, घरट्यातून काढलेली पिल्लं डब्यांत कोंबून. तुम्हाला कोणी दाखवलं तर दया म्हणूनही विकत घेऊ नका, एक घेतला की त्याच्या जागी दुसरा पकडला जातो. परदेशी पोपटांपैकी बऱ्याच जातींची आता सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि घेणाऱ्याने ती आधी तपासायला हवी. कॉकटिएलला उद्या दार उघडून सोडलं तर तो मोकळा होणार नाही. त्याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. साताऱ्याच्या आभाळातल्या घारी आणि कावळे त्याला दोन दिवसही देणार नाहीत. म्हणजे त्याला बाहेरचं जग देता येत नाही. त्या जगातलं काम मात्र थोडंफार आत आणून देता येतं. मी नवीन पक्षी विकत घेणार नाही, आणि घ्या असं कोणाला सांगणारही नाही. पण जो घरात आहे, त्याचा दिवस भरणं हे आपल्याकडे लागतं.

होळीच्या सुमारास शेंड्याच्या छातीवर काटे उगवले. नवीन पीस आधी केराटिनच्या वेष्टणात, काट्यासारखं येतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही मुळं कायमची गेली असतील, सगळं भरून येईलच असं नाही. तसंच झालं. डावीकडे चणाडाळीएवढी जागा अजून उघडी आहे. कधीकधी, घरात पाहुणे फार झाले की, तो अजूनही तिथे चोच नेतो. मग मावशी गप्पांमधून उठते आणि परात ठेवते.

शीळही आली, पण जुनी नाही. दोन आखूड आणि मग लांबच्या ऐवजी कुकरची शिट्टी. मावशी पहिल्यांदा ऐकून स्वयंपाकघरात गॅस बंद करायला धावली. कुकर चढवलेलाच नव्हता. ती ओट्यापाशी उभी राहून हसली आणि मग बराच वेळ बाहेर आली नाही.

शेंड्या सहा वर्षांचा आहे. नीट सांभाळला तर कॉकटिएल वीस वर्षंही जगतो. मावशी चौसष्ट. ही बेरीज तिने माझ्याआधीच केली होती. एप्रिलमध्ये माझं पुण्याला परतायचं ठरलं तेव्हा तिने काकांची एक कोरी वही काढली आणि म्हणाली, "लिही. माझ्यामागे जो कोणी याला घेईल, त्याला काही विचारायची वेळ यायला नको." मी लिहीत गेले. किती राळे, कुठल्या फांद्या, कुठली दोरी नको, कुठला वास नको, कागदावर काय बघायचं. आठ पानं झाली. चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो देऊ नये. रात्री दहा-बारा तास अंधार हवा. डॉक्टरांचा पत्ता आणि नंबर.

"अजून काही?" मी विचारलं.

"पुडी कशी बांधायची ते लिही. चित्र काढ." मग थांबून म्हणाली, "आणि तुझं नाव लिही. घेणारा म्हणून."

मी कागदाच्या घड्या एक ते सहा आकडे घालून काढल्या. त्याखाली नाव लिहिलं आणि फोन नंबर.